रंगाखाली श्री

बरवा अल बराहा, दोहा
शुक्रवार, दुपार

प्रिय रामा,

पत्र बघून दचकशील. खिशात फोन असताना या किसनाला कागद-पेन कुठून आठवलं, असं वहिनींना म्हणशीलही. खरं सांगतो, मंगळवारपासून चार वेळा मोबाईलवर मेसेज बोललो आणि चारही वेळा पाठवायच्या आधी पुसून टाकला. बोलायला लागलं की माझी जीभ माझीच बाजू घेते. कागदावर निदान काय खोडलं ते तुला दिसेल. आमच्या खोलीतला जतचा सुतार रविवारी सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. वाट वाकडी करून आटपाडीत उतरीन आणि घरी नेऊन देईन, असं त्यानं कबूल केलंय. आधी एकटा वाच. पत्रास कारण काय, ते पहिल्याच ओळीत सांगायची आपली रीत, पण मला ते शेवटीच जमेल. तेवढं सांभाळून घे.

इकडचं चाललंय. थंडी पडलीय, म्हणजे दुपारी शर्ट अंगाला चिकटत नाही इतपत. कंपनीची बस वेळेवर येते आणि मेसमधल्या डाळीत डाळ अजूनही शोधावी लागते. बाकी सांगण्यासारखं काही नाही. भाऊबीजेला तुझा फोन आला होता, तो मात्र डोक्यातून जात नाही. यंदा अंबिकाअक्काकडे ओवाळून घ्यायला गेलो नाही, म्हणालास. ज्या बहिणीच्या पोरानं मामाला पोलिसांच्या ताब्यात दिलं तिच्या ताटातला दिवा मला नको, म्हणालास. सुरजला इकडे तूच आणलंस, हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या हमीदच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून तूच लावलंस, आणि ज्या दिवशी गोडाऊनवर पोलीस आले नेमका त्याच दिवशी तो गाडी घेऊन बाहेर होता. पुढच्या पंधरवड्यात त्याला दुसऱ्या कंपनीत कामही मिळालं. एवढ्यावरून तू ठरवून टाकलंस की घरभेदी तोच. तेव्हा मी इकडून काय म्हणालो, आठवतंय? काहीच नाही. नुसतं हूं हूं करत राहिलो. रामा, चोर सोडून संन्याशाला फाशी झालीय. सुरजनं कुणाला काही सांगितलेलं नाही. कुणी सांगितलं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते या कागदावर लिहिल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसलोय. पण सरळ लिहायला घेतलं की हात अडतो. जरा मागून येऊ दे.

आबासाहेबांच्या हाताखाली आपण दोघं एकाच महिन्यात लागलो. एस.टी. स्टँडजवळची ती पत्र्याची शेड, टर्पेंटाइनचा वास, आणि म्हातारा खुर्चीत बसून नुसत्या भुवयांनी शिकवायचा. पेंड, बिडी, ट्रॅक्टर, पाइप, निवडणूक, एक भिंत आपण सोडली नाही. बोर्ड कशाचाही असो, दारूबंदीचा असो नाहीतर दारूच्या दुकानाचा, अस्तर वाळलं की आधी वरती मधोमध ब्रशानं श्री काढायचं, ते वाळलं की वरून रंगाचा हात मारून झाकायचं, आणि मगच अक्षरांच्या लायनी मारायला घ्यायच्या. गिऱ्हाइकाला दिसत नाही पण बोर्डाला माहीत असतं, असं म्हातारा म्हणायचा. माझं श्री कसंही असायचं, उरकल्यासारखं. तुझं मात्र थेट आबासाहेबांसारखं, वेलांटीच्या टोकाला मागं वळवलेला बारीक आकडा आणि खाली दोन रेघा, दुसरी पहिलीपेक्षा आखूड. शेवटच्या आजारपणात म्हातारा सगळ्यांसमोर काय बोलला तेही तुला आठवत असेल. रामेश्वरला देवानं हात दिलाय आणि किसनला डोळा, म्हणाला. तू हसलास, मीही हसलो. पण पेंटरच्या धंद्यात नुसता डोळा असणारा म्हणजे कोण रे? दुसऱ्याचं चांगलं झालं की वाईट झालं ते कडेला उभं राहून सांगणारा. तीस वर्षं ते वाक्य मला खुपत आलंय. तुला हे कधी कळू दिलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

इथं आल्यावर हाताचं काम राहिलंच कुठं म्हणा. मी फ्रेमवाल्याच्या वर्कशॉपमध्ये, कॉम्प्युटरनं कापलेली अक्षरं चिकटवायची आणि साहेब लोकांच्या व्हिलात जाऊन फ्रेमा टांगायच्या. ब्रश हातात आला तो तुझ्या एकट्याच्या, हमीदमुळं. बर्गरच्या हॉटेलांना भिंतीवर लावायला जुने दिसणारे अमेरिकन बोर्ड हवे असायचे, आणि त्यात बेसबॉलचे सगळ्यात जास्त खपायचे. आपल्याला तो खेळ काय ठाऊक. क्रिकेटचा चुलतभाऊ म्हण, पण बॅट लाटण्यासारखी गोल, आणि जो तो एका हातात मोजा घालून उभा, जणू अकराच्या अकरा विकेटकीपर. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या तंबाखूवाल्यांनी, च्युइंगमवाल्यांनी, शिंप्यांनी या खेळाडूंची चित्रं काढून माल विकला, जसा आपण पैलवानाच्या चित्रावर पेंड विकली. तू पहिला खेळाडू रंगवलास तेव्हा त्याची मान आणि मिशा बघून मी म्हणालो होतो, लेका, हा तर आपल्या तालमीतला दिसतोय, याला लंगोट तेवढा घाल. पोट धरून हसलो होतो आपण. तोवर त्यात खोटं काही नव्हतं. बोर्ड नवा आहे हे तुला माहीत, हमीदला माहीत, हॉटेलवाल्यालाही माहीत. मग एक दिवस हमीद जुन्या बोर्डांच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि तुला म्हणाला, असा कर की कुणाला कळू नये.

आणि इथंच मी आलो. पोलिसांनी विचारलं तेव्हाही तू माझं नाव घेतलं नाहीस, म्हणून मीच लिहून ठेवतो. शुक्रवारी मी गोडाऊनवर यायचो, तू चहा टाकायचास आणि बोर्ड भिंतीला टेकवून म्हणायचास, किसना, बघ जरा. मी बघायचो. पहिल्या बोर्डाला तू मीठ-पाणी आणि लोखंडाचा कीस लावून सगळीकडे सारखा गंज चढवला होतास. मी म्हणालो, पत्रा असा चहूबाजूंनी एकसारखा म्हातारा होत नाही. पाणी खिळ्याच्या भोकातून शिरतं, म्हणून गंज भोकापासून निघतो, रंगाच्या खालून पसरतो आणि रंगाला फुगवतो. वरून थापलेला गंज बोटाला लागतो. खालची कड जास्त खाल्लेली हवी, वरची कमी. उन्हाकडची बाजू उडालेली, आणि जिथं शेजारचा बोर्ड अंगावर आला असेल तेवढ्या पट्टीत रंग ताजा राहिलेला. फुलीच्या खाचेचा स्क्रू त्या काळात नव्हता, सरळ खाचेचे शोधून आण. पांढरा डोळ्यात भरेल असा नको, त्यात चिमूटभर पिवळा आणि काजळी घाल. तू सगळं ऐकलंस. जुलैत पत्रे छपरावर टाकलेस आणि इथल्या उन्हानं दोन महिन्यांत त्यांना माझ्या बापाच्या वयाचं करून दिलं. फक्त एका गोष्टीवरून आपलं वाजलं. मी म्हणालो, या बोर्डांना श्री काढू नकोस, हे काम त्यातलं नाही. तू म्हणालास, श्री काढल्याशिवाय माझा हात चालत नाही, मी वरून दोन हात मारतो, कुणाला दिसतंय. मी बरंच बोललो. तू ऐकलं नाहीस, मीही पुढं तो विषय काढला नाही.

आता मदिनत खलीफातल्या गिरीश साहेबांचं. त्यांच्याबद्दल मी तुला कधी फारसं सांगितलं नाही, का ते वाचता वाचता कळेल. पुण्याचे, गॅसच्या कंपनीत मोठे इंजिनिअर, त्याआधी अकरा वर्षं अमेरिकेत. तिथं त्यांचा मुलगा अमेय शाळेत बेसबॉल खेळायचा, आणि हे मैदानाच्या कडेला बसता बसता त्या खेळाच्या नादी लागले. पोरगा आता तिकडेच नोकरीला. फोनवर साहेब मराठीत विचारतात, तो इंग्रजीत दोन शब्द बोलतो, की खलास. पण बेसबॉलच्या जुन्या बोर्डाचा विषय निघाला की तोच पोरगा अर्धा अर्धा तास बापाशी बोलतो, हे मला साहेबांच्या मिसेस शशिकलाबाईंनी सांगितलं. म्हणून साहेबांनी घरातली एक अख्खी खोली त्या जाहिरातींनी भरलीय, पुठ्ठ्याच्या, पत्र्याच्या, तंबाखूच्या डब्यांसकट. ते सगळं टांगायला मी दोन वर्षं जात होतो. ते मला किसनराव म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथं दुसरं कोण करतं? फोरमनच्या लेखी माझं नाव यल्ला, म्हणजे चल-आटप, एवढंच आहे. साहेब हातात भिंग देऊन शिकवायचे. छापील चित्र भिंगाखाली जाळीसारख्या ठिपक्यांच्या रांगांचं दिसलं तर ते आजच्या मशीनचं. जुन्या पुठ्ठ्याला कोंदट वास येतो, कॉफीत बुडवून जुना केलेला असेल तर कॉफीचा येतो. मी ऐकायचो, आणि मध्येच माझ्या गावाकडच्या पेंटरकीतलं एखादं सांगायचो, ब्रश कुठल्या बाजूनं ओढलाय, अक्षर डावखुऱ्यानं काढलंय का, असलं काही. ते वहीत लिहून घ्यायचे. रामा, माझं बोलणं कुणी लिहून घेतंय असं आयुष्यात प्रथमच होत होतं. तुला सांगितलं नाही ते यासाठीच. सकाळी तुझ्याकडे खोटं करायला शिकवायचं आणि दुपारी त्यांच्याकडे खोटं ओळखायला शिकवायचं, हे माझं मलाही नीट बघायचं नव्हतं.

जूनमध्ये त्यांनी एक नवा बोर्ड टांगायला बोलावलं. कापड सोडलं. मैदानाच्या कुंपणावर लावायचा शिंप्याचा बोर्ड. जो खेळाडू या पाटीला चेंडू मारील त्याला एक सूट फुकट, असं इंग्रजीत लिहिलेलं, आणि खाली मिशीवाला आपला पैलवान. तुझा. हमीदनं तो अमेरिकेतून आणवला असं सांगून त्यांना विकला होता. साहेब काही कच्चे नाहीत, त्यांनी फोटो पाठवून तिकडच्या एका जाणकाराचं सर्टिफिकेटही आणलं होतं. त्यात काय लिहिलं होतं ऐक. वरच्या बाजूला रंगाखाली आधीच्या कुठल्यातरी लिखाणाचे उंचवटे जाणवतात, कुंपणावरचे पत्रे दरवर्षी नव्यानं रंगवत असत, तेव्हा बोर्ड अस्सल. म्हणजे तुझ्या श्रीमुळंच तो पास झाला होता. साहेब मराठी माणूस, ती खूण त्यांनीही पाहिली होती. पण अमेरिकन बोर्डाखाली श्री असेल हे ध्यानीमनी नसलं तर वाचणार कसं.

त्या शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे सात-आठ पाहुणे होते, पुण्या-नाशिककडचीच मंडळी. जेवणं होऊन सगळे त्या खोलीत आले होते. अमेय व्हिडिओ कॉलवर होता, टीव्हीच्या पडद्यावर भिंतीएवढा दिसत होता. मी शिडीवर. साहेबांनी हौसेनं माझी ओळख करून दिली, हे आमचे किसनराव, यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मग वर बघून म्हणाले, सांगा किसनराव, अस्सल आहे की नाही? मी हो म्हणायचं आणि खाली उतरायचं, एवढंच होतं. मी खिशातून बॅटरी काढली आणि पत्र्याला तिरकी धरली. उजेड आडवा पडल्याबरोबर श्री वर आलं. वेलांटीचा आकडा, खालच्या दोन रेघा, सगळं. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणालो, साहेब, हा अमेरिकेचा नाही, आपल्याकडच्या माणसाच्या हातचा आहे, हे बघा श्री. सगळे उठून जवळ आले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. पडद्यावरचा अमेय इंग्रजीत काहीतरी बोलला आणि तोही हसला. गिरीश साहेब तेवढे हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते.

हे वाचून तू म्हणशील, चुकून निघून गेलं तोंडातून, माणूस आहे. आजवर मीही स्वतःला तेच सांगत आलोय. पण चार फुटांचा बोर्ड समोर असताना मी बॅटरी नेमकी वरती मधोमधच का धरली? श्री तिथं आहे हे मला ठाऊक होतं म्हणून. मी काही शोधून काढलं नाही. मित्रानं चहा पिता पिता सांगितलेली गोष्ट मी शिडीवर उभा राहून स्वतःची हुशारी म्हणून दाखवली. अमेरिकेतल्या तज्ज्ञाला जमलं नाही ते यांनी एका नजरेत ओळखलं, असं पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, आणि मला सुख झालं. लाज वाटते लिहायला, पण झालं. साहेबांचं तोंड उतरलेलं दिसत होतं, तुझा हात समोर दिसत होता, आणि तरी मला सुख झालं. मला खाली खुर्ची दिली, कुणीतरी आइस्क्रीमची वाटी आणून दिली. ती मी शेवटपर्यंत खाल्ली.

एवढ्यावर थांबतं तरी तू वाचला असतास. श्री कुणीही काढतं, त्यावर नाव-गाव नसतं. पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला मागच्या अंगणात बसवलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाले, किसनराव, दोहात हातानं बोर्ड रंगवू शकणारा आणि श्री काढून सुरुवात करणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो दोन वर्षं माझ्या घरी येतोय. आता मला खरं काय ते सांगा. रामा, कंपनीत एक फोन गेला असता की माझी बॅग भरलेली. बाकीची कारणं देत नाही. तीच कारणं तुझ्याही घरी होती, माझ्यापेक्षा कणभर जास्तच. मी म्हणालो, साहेब, हा हात माझा नाही. ते म्हणाले, मग कुणाचा? मी तुझं नाव सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, सिद्ध करून दिलं. तू मागं गावाकडून पाठवलेला, शाळेच्या अर्धवट बोर्डाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, त्यात तुझं श्री अजून झाकलेलं नव्हतं. तो काढून मी त्यांना दाखवला, हा बघा वेलांटीचा आकडा, ही बघा आखूड रेघ. मग म्हणालो, इंडस्ट्रियल एरियात हमीदचं गोडाऊन आहे, तिथं असतो. गल्लीचा नंबरही मीच सांगितला. तो त्यांनी विचारलाही नव्हता. गंज कसा चढवायचा ते तुला कुणी शिकवलं, एवढं मात्र मी सांगितलं नाही. आजही त्यांना ते माहीत नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. हमीद तोवर देशाबाहेर गेला होता, आणि तू तेवढा ब्रश हातात घेऊन सापडलास. आणखी कोण आहे असं विचारलं तर तू म्हणालास, मी एकटाच. सहा आठवड्यांनी तुला परत पाठवायचं ठरलं, आता या देशात पुन्हा पाऊल नाही, असं. जायच्या आधी मी तुझी बॅग घेऊन भेटायला आलो होतो. कपडे, ब्रशांचा डबा, मुलीसाठी घेऊन ठेवलेलं घड्याळ, सगळं नीट भरलं होतं. माझा हात धरून तू म्हणालास, किसना, सगळे पळाले रे, एक तूच आलास. आणि रडलास. मीही रडलो. तुला वाटलं मी तुझ्यासाठी रडतोय. तेव्हा सांगायला हवं होतं. समोर तू होतास, वेळ होता, तोंड होतं. मी बसचं कारण सांगून उठलो.

सुरज अजून येतो माझ्याकडे, पंधरा दिवसांनी एकदा. येताना केळी आणतो आणि खाटेच्या कडेला बसून राहतो. मामाला तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील, एवढंच त्याचं म्हणणं. त्या दिवशी तो वक्राला एका हॉटेलात खुर्च्या पोचवायला गेला होता, सही झालेला कागद त्यानं जपून ठेवलाय, मला दाखवलाही. नव्या कंपनीत त्याचा अर्ज रमजानच्या आधीपासून पडून होता. बिचारा मलाच पुरावे दाखवतो, रामा. अंबिकाअक्का भाऊबीजेला दुपारपर्यंत ताट घेऊन दारात बसली होती म्हणून त्यानं सांगितलं. मी त्याला म्हणालो, बोलेन मी मामाशी, इन्शाल्ला. इथं राहून हा एक शब्द चांगला सापडलाय, करायचं नसेल ते देवावर ढकलायला. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी सात महिने खवखव गिळत बसलोय. गिरीश साहेबांकडे मी पुन्हा गेलो नाही. टांगायचं काही असलं की वर्कशॉपमधून दुसऱ्याला पाठवतात. अमेय डिसेंबरात येणार होता तो आला नाही, असं कानावर आलंय.

आता कारण. मंगळवारी तू फोटो पाठवलास. स्टँडसमोर गाळा घेतलास, पुढच्या शुक्रवारी वसंत पंचमीला उघडणार म्हणून लिहिलंस. मला मनापासून आनंद झाला, आणि मग फोटोतला बोर्ड दिसला. निळ्यावर पिवळी अक्षरं, तांबडी सावली, रामेश्वर-किसन आर्ट्स. खाली तुझे शब्द, की अडचणीत जो एकटा उभा राहिला त्याचं नाव माझ्या नावाला लागून, तू कायमचा परत आलास की अर्धा गाळा तुझा. त्या जागेवर तू सुरजचं नाव लिहिणार होतास. गोडाऊनवर कितीदा म्हणाला होतास, बहिणीच्या पोराला हाताशी धरून गावात दुकान टाकीन. मी तो फोटो बोटांनी मोठा करून अक्षर न् अक्षर पाहिलं. हात तुझाच आहे, एक रेघ हललेली नाही. नाव खोटं आहे. म्हणून हे पत्र, रामा. मी गप्प बसलो तर तो बोर्ड गावासमोर वर्षानुवर्षं राहील, आणि त्याच्याखालून अंबिकाअक्का मान खाली घालून जाईल. पंचमीच्या आत माझं नाव काढ. अक्काकडे जा, राहिलेली ओवाळणी करून घे, आणि तिला सुरजचं नाव लिहिलेलं दाखव. मला क्षमा कर असं म्हणत नाही, तेवढं मागायचं तोंड मी ठेवलेलं नाही. फोन करून शिव्या द्यायच्या असतील तर दे, मी उचलीन. काही बोलायची इच्छा नसेल तर बोलू नकोस. फक्त पंचमीला दुकान उघडलं की बोर्डाचा एक फोटो पाठव. त्यात माझं नाव नसलं, की पत्र पोचलं असं समजेन.

अजून तरी तुझाच,
किसन